नदीवरचा निळा मासा

१४ एप्रिल २००९, मंगळवार
कामिहारा

चिनात्सु,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहाव्यात, असं मला माझ्या सासूनं शिकवलं आणि मी तुला शिकवायला गेले होते. आज त्या ओळी सोडते. आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. तू घर सोडून पाच महिने झाले, मी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितेय ते माया दाटून आली म्हणून नाही, घाबरले म्हणून लिहितेय.

दुपारच्या बातम्यांत मिनासावाची नदी दाखवली. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधून मुलांच्या सणाचे तीनशे कापडी मासे वाऱ्यावर सोडलेत, गावोगावच्या लोकांनी दिलेले जुने. बातम्यांची मुलगी माइक धरून हसत बोलत होती आणि तिच्या डोक्यामागे, दुसऱ्या दोरावर डावीकडून चौथा, तुझ्या पोराचा, इबुकीचा निळा मासा होता.

चूक नाही. बाकीचे सगळे नायलॉनचे, छापील, चकचकीत. मधेच हा एक सुती, जरा जड, वारा आला तरी सावकाश फुगणारा. खवले एका झटक्यात ओढलेले आणि डोळ्याभोवती तीन कडी, बाहेरचं कडं जाड. अशी कडी फक्त आपल्या घरात काढतात. पाच वर्षांपूर्वी तुझ्या आईवडिलांनी पोराच्या पहिल्या सणाला दुकानातून माशांचा संच आणला होता. रीत त्यांचीच होती, मासे मुलीच्या माहेरूनच यायचे असतात. पण मी त्यांना तोंडावर म्हटलं, "मासे रंगवणाऱ्याच्या घरात विकतचा मासा? हसतील लोक." आणि तो संच परत न्यायला लावला. तुझे वडील चहा न पिता उठले. मग हा मासा मी काढला.

तू जाताना दोन बॅगा आणि तो मासा नेलास, हे मला कपाट उघडल्यावर कळलं. तुझ्याकडे आता खांब रोवायला अंगण नसणार. पोरगं हट्टाला पेटलं असेल, "माझा मासा कधी उडणार?" आणि कुणी शेजारणीनं सुचवलं असेल, नदीवर द्या ना. मायेच्या पोटी केलंस. पण चिनात्सु, हा मासा मी टीव्हीवर दोन सेकंदांत ओळखला. माझ्याइतकाच तो ओळखणारा जगात आणखी एकच माणूस आहे, आणि तो माझ्या घरात वरच्या मजल्यावर झोपतो. माझ्या काझुनारीनं, तुझ्या नवऱ्यानं, माझ्याच रंगकामाच्या फळीवर ब्रश धरला आहे.

तुला आसरा देणाऱ्या महिला केंद्रातल्या ओनोदेरा बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, मी कुठल्याही नावाला हो म्हणू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही. पत्र पाठवा. ज्यांचं आहे त्यांना दर शुक्रवारी पोचतं होतं."

"अहो, मासा रोज फडकतोय. तुमचा शुक्रवार उजाडेपर्यंत थांबायला त्याला कोण सांगणार?"

"पत्र पाठवा," त्या म्हणाल्या. बाई चांगली आहे, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

रात्रीच्या बातम्यांत तेच पुन्हा दाखवतील म्हणून मी कापड कापायच्या कात्रीनं अँटेनाची वायर कापली. काझुनारीला म्हटलं, उंदरानं कुरतडली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून ते दोनदा सांगितलं.

मासा उतरव. त्यानं तुझ्याजवळ यायचं नाही, हा कोर्टाचा हुकूम चार जूनपर्यंत आहे हे मला माहीत आहे. पण कागद दारात उभा राहून कुणाला अडवत नाही.

तोमिए


१९ एप्रिल, रविवार

चिनात्सु,

पहिलं पत्र मिळालं का, वाचलंस का, की न फोडता ठेवून दिलंस, मला कळायला मार्ग नाही. ठेवून दिलं असशील तर हे आधी फोड.

त्यानं पाहिलं. टीव्हीवर नव्हे. त्याच्या गोदामात कुणीतरी डबा गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रात मिनासावाच्या नदीचा रंगीत फोटो होता. शुक्रवारी संध्याकाळी तो आला, बूट काढले, हात धुतले, आणि तेलाचे डाग पडलेला तो कागद माझ्यापुढे पसरून एका माशावर बोट ठेवलं.

"आई, हा कुणाचा?"

मी चष्मा शोधत बसले, चष्मा डोक्यावरच होता. शेवटी म्हटलं, "आपल्याकडचाच दिसतोय."

"इबुकीचा आहे."

"इबुकीचाच कशावरून? त्या साली मी तशाच नमुन्याचे बरेच काढले होते. तुझे बाबा गेले होते, हातात दुसरं काम नव्हतं. विकले इकडेतिकडे."

"किती?"

"आता तुला सगळं कसं आठवून सांगू? आठ-दहा."

त्यानं कागदाची नीट घडी करून खिशात घातली. जेवताना दोन वाट्या भात घेतला. मी घास मोजत होते.

तो नमुना मी एकदाच काढला होता, हे तुला माहीत आहे. पण बोलून बसले होते, तेव्हा आता ते खरं करणं भाग होतं. काल सकाळी तो कामावर गेल्यावर आपल्या मासे रंगवायच्या कारखान्याचं कुलूप काढलं. तीन वर्षांत तिथे मी ब्रश धरला नव्हता. कापड होतं, निळा रंग घट्ट झाला होता तो कोमट पाण्यानं सैल केला. दोन दिवसांत तीन मासे काढले. नवे कोरे दिसू नयेत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवले आणि मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही असे उन्हात घातले. पाच गावांनी जुने मासे द्या म्हणून आवाहन केलंय, त्यांचे पत्ते मिळवले. त्यातले दोन मासे मिनासावालाच पाठवणार आहे. एकाच नदीवर तसेच तीन दिसले, तर तुझा कुठला हे त्याला कसं कळणार? बाकीचे दुसऱ्या नद्यांवर. मग तो निळा मासा सगळीकडे असेल, म्हणजे कुठेच नसेल.

एवढी अक्कल मला याआधी सुचली असती तर बरं झालं असतं, असं तू म्हणशील. म्हण. मला ते ऐकायचंच आहे.

तरीही तुझा तू उतरवच. माझ्या युक्तीवर विसंबू नकोस.

तोमिए


२८ एप्रिल, मंगळवार

चिनात्सु,

अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. कारखान्यात रंगाची बादली पायात आली आणि उजव्या हातावर पडले. मनगट सुजलंय. काळजीचं काही नाही.

सात मासे गेले. मिनासावाच्या समितीच्या गृहस्थांचा आभाराचा फोन आला. "आजी, असे हातानं रंगवलेले आता बघायला मिळत नाहीत, एक आमच्याकडे आधीच आहे, त्याच्या शेजारी लावतो," म्हणाले. म्हणजे तू अजून उतरवला नाहीस. तुझ्या हातात नाही का ते? की त्या लहान मुलाचा हात धरून तू रोज संध्याकाळी तो बघायला जातेस आणि तुला उतरवायला सांगणं जमत नाही? जमव. मुलं दोन दिवस रडतात आणि विसरतात.

काझुनारी शांत आहे. परवा माझ्यासाठी स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला. धुऊन, देठ काढून, बशीत मांडून दिल्या. तो शांत झाला की कसं वाटतं ते तुला मी सांगायला नको. मी बसून सगळ्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या. एकही गोड लागली नाही.

त्या नोव्हेंबरात केंद्राच्या लोकांनी मला फोन केला होता, सून घर सोडून गेली त्याआधी तुम्ही काही पाहिलंत का म्हणून. मी म्हटलं, मी कारखान्यात होते. हे तुला कुणी सांगितलं असेलच. मी आत्ता त्याबद्दल लिहिणार नव्हते, पेन तिकडे वळलं.

सुट्ट्या जवळ आल्या. दोन तारखेपासून सगळं बंद. पत्र आजच टाकते म्हणजे एक तारखेच्या शुक्रवारी तुला मिळेल.

तोमिए

ता. क. बादली वगैरे काही नव्हतं. पाकीट बंद करायला घेतलं आणि लाज वाटली. शेवटचा मासा ओला होता तेव्हा तो अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आला. दारात उभं राहून मला डोळा काढताना बघत राहिला. मग जवळ येऊन फोटोचा कागद माशाशेजारी ठेवला.

"आई, बघ. तुझा हात थरथरतो आता. बाहेरचं कडं बघ कसं दातेरी आलंय. आणि यातलं बघ. एका श्वासात काढलंय. पाच वर्षांपूर्वीचं आहे ते."

मी म्हटलं, "अरे, फोटोत काय कळतंय?"

"मला कळतं. तूच शिकवलंस," म्हणाला, आणि ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. ब्रश काढून घ्यायला मनगट एवढं पिरगाळावं लागत नाही.

तो कुठे जायचं ते जाणतो, चिनात्सु. कधी ते मला माहीत नाही. स्ट्रॉबेरी त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या.


४ मे, सोमवार, दुपार

चिनात्सु,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही. तरी लिहितेय, कारण फोनपाशी नुसतं बसवत नाही.

सकाळी साडेसहाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी पायऱ्या उतरेपर्यंत पांढरी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी होती. त्याच्या खोलीत गेले. अंथरूण नीट घडी घातलेलं. टेबलावर इबुकीचे फोटो असायचे त्यातला शाळेच्या टोपीतला नव्हता. स्वच्छ शर्टही नव्हता, लग्नाला घालतो तो.

तो शर्ट त्यानं नेला होता. तो माफी मागायला जातोय, हे मला कळलं. दर वेळी तो आधी माफीच मागायचा. माफी मिळाली नाही की मग काय व्हायचं, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

केंद्राला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, सात तारखेला पुन्हा उघडू, आपल्या फोनबद्दल आभार. मिनासावाच्या समितीला लावला. कुणी पोऱ्यानं उचलला, मागे ढोल वाजत होते, म्हणाला, "आजी, मासे उद्याच्या मुलांच्या सणानंतर उतरवणार, आज नाही." मी म्हटलं, "बाळा, एक निळा सुती आहे, तेवढा आत्ता." तो म्हणाला, "आता तसे तीन आहेत, कुठला?" माझीच अक्कल माझ्या गळ्यात आली.

मग मी फोन खाली ठेवून वीस मिनिटं बसले. हे तुला सांगायलाच हवं. वीस मिनिटं. घड्याळाकडे बघत होते. मिनासावा अडीच तासांवर आहे, आणि मी त्यातली वीस मिनिटं नुसती घालवली. कारण आणखी एकच नंबर उरला होता. तो मी याआधी कधी लावला नव्हता, नवरा होता तेव्हाही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणत माझं आयुष्य गेलं. बाहेरच्याला सांगायचं म्हणजे घर उघडं पाडायचं, हे माझ्या हाडात मुरलंय.

मग लावला. पोलिस तरुण होता.

"आपण कोण बोलताय?"

"कुसाकाबे तोमिए. कामिहारा."

"कुणाबद्दल तक्रार आहे?"

"कुसाकाबे काझुनारी. कोर्टाचा हुकूम आहे त्याच्यावर, बायकोच्या जवळ जायचं नाही म्हणून. तो मिनासावाला निघालाय. पांढरी व्हॅन."

"तुमचं नातं?"

तो म्हणाला, "आजी, आहात ना लाइनवर?"

"मी त्याची आई," मी म्हटलं.

त्यानं गाडीचा नंबर विचारला. मला पाठ होता. शेवटचे दोन आकडे त्यानं पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले.

आता पावणेतीन झालेत. फोन आलेला नाही. समोरच्या अंगणात शेजाऱ्यांनी तीन मासे लावलेत, खांबावरची चक्री घरघरतेय, त्यांची पोरं ओकच्या पानात गुंडाळलेले सणाचे तांदळाचे गोड गोळे, मोची, खात पायरीवर बसलीत. मी तुझ्यासाठी घाबरलेय, इबुकीसाठी घाबरलेय, आणि त्याच्यासाठीही घाबरलेय. हे शेवटचं वाचून तुला राग येईल. येऊ दे. मी त्याला दूध पाजलंय.

फोन वाजतोय.


६ मे, बुधवार

चिनात्सु,

तुला सगळं आधीच माहीत असेल, किंवा माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मला त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं लिहिते.

तो आधी नदीवर गेला. तिन्ही निळे मासे बघितले, इबुकीचा बरोबर ओळखला. मग खाऊच्या गाड्यांवर इबुकीचा फोटो दाखवत फिरला. "माझा मुलगा आहे, हरवलाय, हा मासा त्याचाच," असं म्हणत होता. चांगला शर्ट, चांगली भाषा. भाजलेली मक्याची कणसं विकणाऱ्या कुणा बाईला दया आली. "अरे हा का, हा तर रोज येतो आईबरोबर, तिकडे राहतात," म्हणाली. तिचा तरी काय दोष? मासा ज्याचा, त्याचा बाप आलाय म्हटल्यावर या दिवसांत कुणाला आनंद होणार नाही?

पोलिस पोचले तेव्हा तो एका इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, एका दाराबाहेर बसला होता. कुठली इमारत ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तू आत होतीस का, हेही मला माहीत नाही. आत असशील तर तो किती वेळ दाराशी बोलत होता, आणि तू पोराच्या कानांवर हात ठेवून कुठल्या कोपऱ्यात बसली होतीस, हे डोळ्यांपुढे येतं आणि मी उठून घरात फेऱ्या मारते. कुणाला लागलेलं नाही, एवढं ते दोनदा म्हणाले.

त्याला नेताना त्यानं विचारलं म्हणे, "कुणी सांगितलं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. पण तो मूर्ख नाही. तो घरातून निघालेला फक्त मी ऐकला होता.

काल, सणाच्या दिवशी, दोन पोलिस जबाब घ्यायला इथे आले. एक मोठा आणि एक बाई. बाईनं आधी माझं मनगट बघितलं आणि कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, हुकूम जूनमध्ये संपतो. तो वाढवून घ्यायचा तर कोर्टाला काहीतरी लागतं. तुमच्या सुनेचं म्हणणं आहे, पण साक्षीला कुणी नाही. नोव्हेंबरात तुम्ही सांगितलं होतंत की तुम्ही कारखान्यात होतात."

"हो. तसं सांगितलं होतं."

"आणि होतात का?"

मोठा पोलिस म्हणाला, "सावकाश. तुम्हाला त्रास होत असेल तर आज राहू द्या." भला माणूस होता. त्यानं मला पळायला वाट दिली होती. आणि खरं सांगते, मी ती घेणार होते. तो सुटून आला की पहिला याच घरी येणार. त्याची चादर इथे आहे, त्याचा भाताचा वाडगा इथे आहे, आणि मी इथे आहे. त्या बाईंनीही विचारलं, कुणाकडे जाऊन राहता येईल का? माझी नणंद आहे, तिला काय सांगून जाऊ? मला त्याची भीती वाटते, चिनात्सु. पोटच्या पोराची भीती वाटते, हे मी आज पहिल्यांदा शब्दांत लिहिलं. तू हे मला तीन वर्षांपूर्वी, चुलीपाशी उभी राहून, "आई, मला भीती वाटते" एवढ्याच शब्दांत सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं, "सहन कर, त्याचा बापही असाच होता."

मी पोलिसांना सांगितलं, लिहून घ्या.

मी कारखान्यात नव्हते. स्वयंपाकघरात होते. मुळे चिरत होते. मधलं सरकतं दार वीतभर उघडं होतं, आणि त्यातून मला सगळं दिसत होतं. त्यानं तुझे केस कसे धरले, तू कपाटावर कशी आदळलीस, तू आवाज का केला नाहीस. इबुकी शेजारच्या खोलीत झोपला होता म्हणून तू आवाज केला नाहीस. पडलेली असताना तू दाराकडे बघितलंस. तुझी माझी नजर झाली. हेही मी सांगितलं.

ती पोलिस बाई भराभर लिहीत होती. मग थांबून तिनं विचारलं, "सुनेच्या जबाबात आहे की नंतर दार बंद होतं. ते कुणी बंद केलं?"

हे तू त्यांना सांगितलं नव्हतंस. पाच महिने तुला विचारत होते, आणि तू नाव घेतलं नव्हतंस.

"मी केलं," मी म्हटलं.

तोमिए